ती घरघर काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला इलेक्ट्रोक्लॅशवरचा, म्हणजे जुन्या स्वस्त ताल-यंत्रांवर आणि विजेच्या वाद्यांवर क्लबांमध्ये वाजणाऱ्या संगीतावरचा लेख दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्रात या संगीताला अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. शेवटच्या दोन परिच्छेदांनी मात्र तो पार ओसरला. या मंडळींना धड वाजवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खरखर आणि उर्मटपणा पुढे केला, असं लेखक म्हणतात. वर सल्ला देतात की ही जुनी ध्वनिमुद्रणं आता सॉफ्टवेअरने स्वच्छ करून मिळतात, नव्या श्रोत्यांनी तीच ऐकावीत. पहिलं वाक्य वाचून मी चडफडले. दुसरं वाचून पत्र लिहायला बसले, कारण असं स्वच्छ केलेलं गाणं कसं लागतं ते मी गेल्या वर्षी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मी २००१ पासून बर्लिनमध्ये राहते. आले ध्वनिशास्त्र शिकायला; पोट भरलं ते मिक्सरवर, म्हणजे कार्यक्रमातले सगळे आवाज जुळवायच्या यंत्रावर बसून. पहिली दोन-अडीच वर्षं पूर्व बर्लिनमधल्या एका इमारतीच्या तळघरात, आठवड्यातल्या तीन रात्री. त्या भागातली बरीच घरं तेव्हा कोळशाच्या शेगड्यांवर ऊब घ्यायची आणि आमचं तळघर म्हणजे त्या इमारतीची जुनी कोळशाची कोठी. भिंतीला हात लागला की काळा व्हायचा. छत इतकं खाली की उंच माणसाने मान वाकवूनच नाचावं. गर्दी झाली की घामाची वाफ छताला लागून परत खाली ठिबकायची, म्हणून मी मिक्सरवर प्लास्टिक घालून ठेवायचे. प्रवेश पाच युरो. युरोच्या नोटा नुकत्याच आल्या होत्या; दारावरचा मुलगा प्रत्येक नोट उलटसुलट करून बघायचा.

२००२ च्या फेब्रुवारीत तिथे दोघी जणी वाजवायला आल्या. त्यांची नावं देत नाही, कारण या पत्राबद्दल विचारलं तेव्हा दोघींनीही ‘नको’ म्हटलं. एक गायची, दुसरी यंत्रं सांभाळायची. सगळं सामान भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत मावलेलं: रोलंडचं टीआर-६०६ हे १९८१ सालचं ड्रम मशीन, त्याच कंपनीचा त्याच्या पुढच्या वर्षीचा एसएच-१०१ सिंथ (विजेवर स्वर घडवणारं, पट्ट्यांचं वाद्य), केबलींचं एक भेंडोळं आणि जुन्या टेलिफोनचा एक रिसीव्हर. संगणक नव्हताच. ड्रम मशीनच्या ट्रिगर आउटमधून एक बारीक केबल सिंथच्या क्लॉक इनमध्ये जायची. ड्रमचा एक ठोका पडला की सिंथ आपल्या ओळीतला पुढचा स्वर वाजवायचा. ती ओळ जास्तीत जास्त शंभर पावलांची, आणि एका वेळी एकच स्वर. सूर एकावर एक रचायची सोयच त्या यंत्रात नाही. सिंथ त्यांनी गिटारच्या एका मोडकळीला आलेल्या अॅम्पला लावला होता आणि अॅम्पमधून आवाज माझ्याकडे येत होता.

साउंडचेकला मी त्या चॅनेलचा फेडर (आवाज कमीजास्त करायचा सरकता खटका) वर केला आणि अख्खं तळघर घूंऽऽ करायला लागलं. आमच्या धंद्यात याला हम म्हणतात. अॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या, दोघांची अर्थिंग वेगळी, आणि मधल्या केबलच्या जाळीतून त्या दोन अर्थिंगचा फेरा पूर्ण झालेला. जुन्या इमारतीत हे रोजचंच. त्यावर उपायही शाळकरी पोराला जमेल असा: वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स नावाची डबी असते, तिच्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे तो फेरा तोडायचं एक छोटं बटण असतं, ते दाबायचं. मी दाबलं. तळघर शांत झालं. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, आणि तेवढ्यात यंत्रांवरची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिच्या हातातलं वाद्य काढून घेतलं.

ती काही बोलली नाही. माझ्यापर्यंत आली, वाकली आणि बटण परत पूर्ववत केलं. घूंऽऽ सुरू झालं. मग सिंथजवळ गेली, एक पट्टी दाबून धरली आणि ट्यूनिंगची खुंटी अगदी हळू फिरवायला लागली. दोन आवाज जवळ येताना त्यांच्यात जी लाट उठते ती मला ऐकू येत होती: आधी भरभर, मग संथ, मग आणखी संथ, आणि मग लाट थांबली. सिंथचा स्वर त्या हमच्या आत जाऊन बसला.

मी तंबोऱ्यांच्या घरात वाढलेली मुलगी. जोडीच्या तारा जुळताना होतं तेच माझ्यासमोर झालं होतं, आणि मला कळायला अर्धा मिनिट लागला. युरोपातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्यामुळे हमचा मूळ स्वर ५० हर्ट्झ, पाश्चात्त्य ‘जी’च्या जरासा वर, त्याच्यावर १००, १५०, २०० असे त्याचेच वरचे अंश. त्या बाईने आपला षड्ज विजेच्या षड्जाला लावला होता. सगळी गाणी त्याच सुरात. गाणं सुरू व्हायच्या आधी हम, दोन गाण्यांच्या मध्ये हम, शेवटचा ठोका पडल्यावरही हम. प्रेक्षकांच्या पायांतून तो वर चढायचा आणि मग ड्रम मशीन सुरू व्हायचं.

लेखकाने या आवाजाला ‘तांत्रिक दोष’ म्हटलं आहे. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता माझंही तेच मत होतं.

त्यानंतर त्या दोघींचे जवळपास तीस कार्यक्रम मी केले. त्यांतली एक गोष्ट आजही मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगते. वर्षअखेरीस त्यांना न्यू यॉर्कला बोलावणं आलं, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातल्या एका लहानशा जागेत. निघायच्या आदल्या आठवड्यात यंत्रांवरची मला विचारते, ‘तिथली वीज ६० हर्ट्झची ना?’ मग आम्ही तिघी हिशोबाला बसलो. ५० ला ६० म्हणजे पाचाला सहा. हे गुणोत्तर आपल्याकडच्या कोणत्याही गाणाऱ्याला विचारा: शुद्ध, स्वच्छ कोमल गंधार. अटलांटिक ओलांडला की त्यांचा सा उठून कोमल गंधारावर जाणार होता. सिंथला ते अवघड नाही, पण गाणाऱ्या बाईचं काय? पांढरी एकमध्ये गळा बसलेल्या माणसाला एकदम काळी दोनमध्ये गायला लावायचं. आठवडाभर ती तळघरात दुपारच्या वेळी तालीम करत होती, हिटर नाही, अंगात ओव्हरकोट, आणि मी तिला लॅपटॉपवरून ६० हर्ट्झचा स्वर सोडून देत होते. ज्यांना वाजवता येत नाही असं लेखक म्हणतात, ती ही माणसं.

आता टेलिफोनबद्दल. लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखाली ‘बिघडलेल्या माइकवर गाण्याची फॅशन’ अशी ओळ आहे. आमच्या गाणारीचा माइक बिघडलेला नव्हता. तो तिने चार रविवार खर्ची घालून तयार केला होता. रिसीव्हरच्या कानाकडच्या बाजूला जी चकती असते ती उलटी वापरली की माइकचं काम करते. ऐकायच्या बाजूने बोलायचं. टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्या चकतीचंही तसंच. छातीचा भरदारपणा जातो, वरची चकाकी जाते, उरतो तो शब्द. मिक्सरवर बसणाऱ्याला यातली हुशारी लगेच समजते. खालची सगळी जागा बास आणि हमने व्यापलेली, वर हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजेची, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी सळसळ. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हा आवाज सुरीसारखा घुसतो. त्यामुळे तिला ओरडावं लागत नसे. दीडशे माणसांच्या गोंगाटात ती कुजबुजायची आणि मागच्या भिंतीपर्यंत शब्द न् शब्द पोहोचायचा. चांगल्या माइकवर तिचा आवाज मी एकदा करून बघितला. बासमध्ये बुडून गेला.

उर्मटपणाबद्दल लिहिताना मला जरा सावकाश लिहायला हवं, कारण तो शब्द मला लागला.

मिक्सरवर बसलेली असताना मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी येऊन विचारायचं, ‘साउंडवाला कुठे आहे?’ माझे दोन्ही हात फेडरवर असायचे. त्या दोघींनाही हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत यायचा: हे प्रोग्रॅमिंग तुम्हाला कोणी करून दिलं? एका एप्रिलच्या रात्री पुढच्या रांगेतल्या माणसाने गाणं चालू असताना हेच मोठ्याने विचारलं, आणि आजूबाजूचे हसले. यंत्रांवरचीने गाणं थांबवलं. सिंथ आणि ड्रम मशीनच्या सगळ्या केबली उपसून काढल्या आणि टेबलावर टाकल्या. ड्रम मशीनमधलं ते गाणं पुसलं. मग त्या माणसाकडे बघत बघत, एकेक केबल उचलून, एकेक ठोका पहिल्यापासून भरत ते गाणं परत उभं केलं. आधी किक, म्हणजे ढोलाचा ठोका, तालाच्या सोळातल्या चार घरांत. मग स्नेअर. मग हाय-हॅट. मग सिंथचे स्वर एकामागून एक, हळूच, चुकले तर पुसून परत. चार मिनिटं तरी लागली असतील. गाणारी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली, जणू पलीकडचा कोणी बोलेल याची वाट बघते आहे. हसू नाही, राग नाही, एक शब्द नाही. खाली माझ्या चॅनेलवर हम चालूच. आणि गाणं पूर्ण बांधून झालं तेव्हा तळघरात जो आवाज उठला तसा मी पुढे मोठमोठ्या सभागृहांतही फारसा ऐकला नाही. तो माणूस शेवटपर्यंत थांबला आणि नाचला, हेही नमूद करते.

या वागण्याला लेखक उर्मटपणा म्हणतात. मी म्हणेन की आपलं काम आपण केलेलं आहे हे सिद्ध करायची वेळ ज्याच्यावर रोज येते, त्याने काढलेली ही वाट होती. न हसणं, सपाट आवाजात बोलणं, प्रेक्षकांना गोंजारायचं नाकारणं. नाचायला येणाऱ्या बाईने गोड दिसावं आणि यंत्र पुरुषाने चालवावं, अशी क्लबांमधली जी रीत होती तिच्याकडे या प्रकाराने उघड उघड पाठ फिरवली. म्हणूनच या संगीतात पुढे उभ्या राहिलेल्यांत बायका आणि समलिंगी माणसं इतकी दिसतात. लेखात त्यांचा उल्लेख पेहरावापुरता आला.

मेरिल निस्कर हे नाव त्या लेखात यायलाच हवं होतं. टोरांटोत मुलांना शिकवणारी बाई, पीचेस या नावाने बर्लिनला आली आणि २००० साली किट्टी-यो या इथल्याच कंपनीतर्फे तिचा अल्बम निघाला. साधन मुख्यतः एकच: रोलंडचं एमसी-५०५, सिंथ आणि ड्रम एकाच खोक्यात असलेलं, ज्याला जाणकार स्टुडिओवाले नाकं मुरडायचे. रंगमंचावर ती एकटी, जवळ ते खोकं आणि माइक. शरीराबद्दल, वासनेबद्दल ती ज्या उघड शब्दांत बोलते ते वर्तमानपत्रात लिहिता येणार नाहीत. पण पुरुष गायक पिढ्यान्‌पिढ्या बायकांबद्दल जे गात आले तेच तिने तोंड फिरवून त्यांच्याबद्दल म्हटलं, एवढाच त्यातला फरक. आवाज कोरडा, मागे बासची एक ओळ, टाळी, बस्स. सजावट इतकी कमी की दडायला जागाच उरत नाही. हे धाडस मला तेव्हाही थरारक वाटलं आणि आजही वाटतं.

लेखात इतिहासाचीही गफलत झाली आहे. हे सगळं न्यू यॉर्कच्या फॅशनमधून २००१ मध्ये जन्मलं असं त्यात आहे. नाव तिथे रुजलं, हे खरं. लॅरी टी या डीजेने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला महिना होत असताना, तिथे इलेक्ट्रोक्लॅश महोत्सव भरवला आणि हे नाव सर्वतोमुखी झालं. पण आवाज त्याआधीचा. हॉलंडमधल्या हेगच्या आय-एफने १९९७ मध्येच व्हिडिओ गेमच्या भाषेतलं, व्होकोडरने (माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणाने) बोलणारं असं एक गाणं काढलं होतं की ते ऐकून आम्हाला नव्वदच्या दशकातलं गुळगुळीत टेक्नो एकाएकी शिळं वाटायला लागलं. म्युनिकमध्ये डीजे हेल आपल्या गिगोलो या कंपनीतून अशा रेकॉर्ड काढत होता. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे मिस किटिन आणि द हॅकर १९९८ पासून त्याच्याकडे होते. तिचा तो कंटाळलेला, श्रीमंतांच्या पार्टीतून एका बाजूला उभं राहून बातमी दिल्यासारखा आवाज पुढे कित्येकींनी उचलला. कोणालाच तो जमला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मूळ शोधायचं तर आणखी मागे, न्यू यॉर्कमध्येच, पण फॅशनपासून कोसभर लांब. अॅलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह ही दोन माणसं, जोडीचं नाव सुइसाइड. १९७७ च्या पहिल्या अल्बममध्ये स्वस्त ऑर्गन, एक खडखडतं ताल-यंत्र आणि वर व्हेगाचा आवाज. गिटार नाही, ड्रम नाही. १९७८ च्या जूनमध्ये ब्रसेल्सला लोकांनी इतका गोंधळ घातला की कोणीतरी माइकच पळवला आणि २३ मिनिटांत कार्यक्रम आटोपला. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकावं, दोन माणसं आणि एक यंत्र एवढ्यावर लोक इतके का खवळतात याचा विचार करावा. ड्युसेलडॉर्फच्या डीएएफचंही असंच: १९८१ मध्ये रॉबर्ट गोर्ल आणि गाबी डेलगाडो या दोघांनी सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर ओळीने वाजवणारं यंत्र), ड्रम आणि हुकमी स्वरातल्या जर्मन शब्दांवर अल्बम उभा केला. आमच्या दोघींपैकी यंत्रांवरचीकडे त्याची रेकॉर्ड होती, मधोमध ओरखडा पडलेली.

डेट्रॉइटचे अॅडल्ट. (हो, नावातच पूर्णविराम आहे) लेखात नाहीत, याचं मला विशेष वाईट वाटलं. निकोला कुपेरस आणि अॅडम ली मिलर हे नवरा-बायको. घरचीच कंपनी, घरचाच स्टुडिओ. कुपेरसचा आवाज ऐकला की रात्री बंद दारामागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. त्यांच्याकडे चमचमाट नाही, चेष्टा नाही; आहे ती निखळ भीती आणि तिच्यावर चढवलेला ताल. कारखाने उठून गेलेल्या शहरातलं हे संगीत आहे आणि ते तसंच ऐकू येतं.

लेखकाने उदाहरण म्हणून बहुतेक सगळी जागा न्यू यॉर्कच्या फिशरस्पूनर या जोडीला दिली. त्यांचे झगे, पिसं, धुराचे लोट, नर्तक हे खरं. गाणं आधी मुद्रित केलेलं असायचं आणि रंगमंचावर ओठ हलवले जायचे, हेही खरं, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. काही चुकलं तर कार्यक्रम थांबवून परत पहिल्यापासून सुरू करायचे. माझ्या आवडीचा तो प्रकार नाही. पण त्या एका जोडीवरून तळघरातल्या सगळ्यांना तोलायचं म्हणजे एका लग्नाच्या बँडवरून सनई ठरवण्यासारखं आहे.

आता त्या ‘स्वच्छ’ करण्याबद्दल.

गेल्या वर्षी जुन्या भूमिगत संगीताची पुनर्मुद्रणं काढणाऱ्या एका कंपनीने माझ्याशी संपर्क साधला. त्या दोघींची एकमेव चांगली टेप माझ्याकडे आहे, २००३ च्या मार्चमधल्या कार्यक्रमाची, मिक्सरवरून थेट डॅट या डिजिटल टेपवर घेतलेली, २२ मिनिटांची. दोघींना विचारून मी प्रत पाठवली. महिन्याभराने त्यांनी तयार केलेली फाइल आली. हेडफोन लावले आणि पहिल्या गाण्यातच मला वाटलं की चुकून दुसऱ्याच कोणाची फाइल आली आहे. बास कुठे गेला?

तो कुठे गेला हे कळायला संगणकावर आलेख काढून बघावा लागला, आणि मग कळलं ते साधंच होतं. सॉफ्टवेअर गाण्याआधीची शांत जागा शोधतं, तिथे जे ऐकू येतं त्याला गोंगाट समजतं आणि मग सगळ्या ध्वनिमुद्रणातून तेवढं वजा करतं. इथे शांत जागेत हम होता. ५०, १००, १५०, २०० हर्ट्झ, प्रत्येक ठिकाणी बारीक खाच पाडून सॉफ्टवेअरने तो चोख काढून टाकला. आणि त्या बाईने आपला सिंथ नेमका त्याच स्वरावर बसवला होता! हमबरोबर बासचा षड्जही गेला. ओळीतले बाकीचे स्वर राहिले, आधाराचा तेवढा नाही. गायकाने आलापीत दर वेळी सा गाळावा, तसं ते लंगडत होतं. टेलिफोनच्या आवाजालाही त्यांनी खाली भर घातली होती, वर चमक लावली होती, आणि ती बाई एखाद्या जाहिरातीत बोलत असल्यासारखी वाटत होती.

ही फाइल कोणा तरुण श्रोत्याच्या हाती पडली असती तर त्याने काय म्हटलं असतं? यांना वाजवता येत नव्हतं. लेखकाने नेमकं तेच म्हटलं आहे, आणि म्हणून मला राहून राहून वाटतं की त्यांच्या कानावरही अशीच साफ केलेली ध्वनिमुद्रणं आली असावीत. तसं असेल तर त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी ती साफ केली त्यांच्यावर आहे.

हे काही या एका जोडीपुरतं नाही. त्या पिढीची यंत्रं बनलीच अशी आहेत की त्यांच्यातला कच्चेपणा वेगळा काढता येत नाही. रोलंडचं टीआर-८०८ घ्या, साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेलं. त्याच्या आवाजातली ती सळसळ सदोष ठरलेल्या ट्रान्झिस्टरांमधून येते. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ते मुद्दाम वापरले होते. कारखान्यांचं उत्पादन सुधारलं, तसे सदोष भाग मिळेनासे झाले, आणि १९८३ मध्ये जेमतेम १२ हजार यंत्रांनंतर ते थांबलं. चांगला माल आला आणि वाद्य संपलं.

कंपनीला मी लिहिलं की टेप जशी आहे तशी काढा, आवाजाची पातळी तेवढी जुळवा. त्यांनी कळवलं की इतका हम असलेली फाइल आजचा श्रोता पहिल्या दहा सेकंदांत बंद करतो. दोघींनी नकार दिला आणि प्रकरण तिथेच थांबलं. गाणारी आता लायपझिगजवळ बालवाडीत काम करते. फोनवर म्हणाली, ‘दहा सेकंदांत बंद करणारे तेव्हाही जिन्यावरूनच परत जायचे.’

संपादक महोदय, दोन विनंत्या. छायाचित्राखालची ‘बिघडलेला माइक’ ही ओळ दुरुस्त करावी. आणि लेखकांना माझा पत्ता द्यावा, तो या पत्रासोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे. त्या दोघींच्या संमतीने मी त्यांना मूळ टेपची प्रत पाठवीन. हेडफोनवर ऐकू नका, जरा मोठे स्पीकर लावा आणि शक्य असेल तर जमिनीवर बसा. सुरुवातीला पंचवीस सेकंद काहीच वाजत नाहीये असं वाटेल. आवाज वाढवू नका, पुढेही ढकलू नका. पंचवीस सेकंदांनी एक स्वर लागेल, हमच्या किंचित खाली, आणि लाटा ऐकू यायला लागतील: आधी भरभर, मग संथ. ती खुंटी फिरवते आहे.

आपली नियमित वाचक,
बर्लिन
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)